हेडमास्तरांची टिंगल हेडमास्तरांनीच विकत घ्यावी

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून चौथी पास झालेलं मूल एका सुट्टीत भाषा बदलतं. पाचवीत गेलं की गणित इंग्रजीतून, विज्ञान इंग्रजीतून, इतिहासातला शिवाजी महाराजांचा धडासुद्धा इंग्रजीतून. मराठी उरते ती वेळापत्रकातल्या काही तासिकांपुरती. कविता पाठ करा, समानार्थी शब्द लिहा, फळ्यावरचा निबंध उतरवून घ्या. प्राथमिक शाळांचं माध्यम कोणतं असावं यावर आपण किती भांडलो! २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हापासून मोर्चे झाले, सभा झाल्या, त्या प्रश्नावर पुढे एक नवा राजकीय पक्षही निघाला. पण चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाने पाचवीनंतर मराठी पुस्तक आपणहून का उघडावं, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

माझं उत्तर सरळ आहे. हसायला मिळतं म्हणून उघडावं. दहा ते चौदा या वयात दुसरं कुठलंही कारण मुलाला पटत नाही. मातृभाषेचा अभिमान वगैरे मोठ्यांच्या भाषणांत शोभतो (आणि मातृभाषा कोंकणी की मराठी, यावर आपल्या राज्यात दोन वेगळ्या सभा भरतात). परीक्षेची भीती इंग्रजीने केव्हाच आपल्याकडे नेली. उरली ती मजा. आणि या वयाला मजा देणारी, पानोपानी चित्रं असलेली, गोव्याच्या मातीतली विनोदी कादंबरी मराठीत जवळजवळ नाहीच. ती नसण्याला लेखक-चित्रकारांची वाण कारणीभूत आहे असं मला वाटत नाही. ती विकत कोण घेतो, तिथे खरी मेख आहे. तिकडे येतोच.

आधी कसल्या पुस्तकांबद्दल बोलतोय ते सांगतो, कारण पालकसभेत हा विषय काढला की निम्म्यांना कॉमिक्स आठवतं आणि उरलेल्यांना अंकलिपी. या पुस्तकांत गद्य भरपूर असतं, दीड-दोनशे पानं. सांगणारा किंवा सांगणारी स्वतः अकरा-बारा वर्षांची. प्रत्येक पानावर एक-दोन रेखाचित्रं, बरीचशी वहीत काढल्यासारखी, मुद्दाम जरा वेडीवाकडी. विषय म्हणाल तर शाळा, घर, आगाऊ धाकटं भावंड, न केलेला गृहपाठ. अमेरिकेत जेफ किनीचं ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ पुस्तकरूपात २००७ मध्ये आलं, इंग्लंडमध्ये लिझ पिशॉनचा टॉम गेट्स २०११ मध्ये. आता पणजी-मडगावच्या दुकानांतही या जातीच्या इंग्रजी पुस्तकांच्या रांगा दिसतात. म्हणजे गोव्यातली मुलं असलं वाचतच नाहीत असं नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी आहे आणि पुस्तकासाठी तीन-चारशे रुपये काढायची सवय आहे, ती वाचतात. सांगे-वाळपईकडचं, नुकतंच इंग्रजीत ढकललेलं मूल मात्र दोन्हीकडून राहतं. इंग्रजी पुस्तक अजून झेपत नाही, आणि मराठीतलं जे झेपतं ते सहा वर्षांच्या पोरासाठी लिहिलेलं असतं.

‘पण ही मुलं चित्रं बघतात हो, वाचतात कुठे?’ ही तक्रार शिक्षकांकडूनच सगळ्यात जास्त ऐकू येते. तिचा थोडा सविस्तर समाचार घ्यायला हवा.

समजा, डिचोलीच्या एका सहावीतल्या मुलीची वही आहे. ती लिहिते, ‘आमचे बाबा कुर्ल्यांना अजिबात घाबरत नाहीत. काल पिशवीतून एक सुटली, तेव्हा त्यांनी अत्यंत शांतपणे परिस्थिती हाताळली.’ खाली चित्र. बाबा जेवणाच्या टेबलावर उभे, लुंगी गुडघ्यांच्या वर धरलेली, हातात झारा. लादीवर एकच कुर्ली (खेकडा), तीही दुसरीकडे बघत असलेली. दारात आई मोबाइलवर फोटो काढतेय. आता यातला विनोद कुठे आहे? वाक्यात नाही, ते वाक्य एखाद्या सरकारी अहवालातही खपेल. चित्र सुटं पाहिलं तर त्यातही बेताचाच आहे. विनोद आहे तो दोघांच्या मधल्या फटीत, आणि तो वाचणाऱ्याने स्वतः घडवायचा आहे. मुलगी खोटं बोलतेय का? की बाबांची लाज राखतेय? की बाबाच मागे उभे राहून ‘असं लिही’ म्हणाले? अकरा वर्षांचं मूल हे सगळं क्षणात जोखतं आणि खिदळतं. हीच गोष्ट एम.ए.च्या वर्गात आपण ‘निवेदकाची विश्वासार्हता’ असं भारदस्त नाव देऊन शिकवतो, आणि निम्म्या वर्गाला तेव्हाही ती कळत नाही.

जे मूल मजकूर सोडून नुसती चित्रं बघेल, त्याला टेबलावर उभा असलेला एक माणूस दिसेल. हसायचं असेल तर त्याला वाक्याकडे परत यावंच लागतं. पान उलटण्याचीही इथे एक गंमत असते. ‘आणि मग मुख्य पाहुण्यांनी दीपप्रज्वलन केलं’ हे उजव्या पानाच्या तळाशी, आणि पेटलेला झेंडूचा हार पान उलटल्यावर. नुसत्या मजकुराच्या पुस्तकात एवढा ताल साधायला लेखक फार कसलेला लागतो.

आपल्या मराठी बालवाङ्मयात चित्राला हे काम सहसा दिलंच जात नाही. मजकुरात ‘राजू झाडावर चढला’, आणि समोरच्या पानावर झाडावर चढलेला राजू. प्रकरणाला एक चित्र, तेही हस्तलिखित हातात आल्यावर कुणाकडून तरी घाईघाईने करून घेतलेलं. चित्रकार पुस्तकात पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो.

वेगळं कसं होतं ते बघायचं तर शंभर वर्षं मागे बंगालात जावं. सुकुमार रायनी १९२१ मध्ये ‘ह-य-व-र-ल’ लिहिलं, १९२३ मध्ये ‘आबोल ताबोल’ निघालं. त्यांचा निरर्थाचा विनोद आणि त्याची चित्रं, दोन्ही एकाच हातची. हा माणूस मुद्रणाचं तंत्र शिकायला इंग्लंडला गेला होता. घरचा छापखाना होता आणि वडिलांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ मध्ये सुरू केलेलं मुलांचं मासिक ‘संदेश’ होतं. लिहिणारा, काढणारा आणि छापणारा एकाच घरात, पुष्कळदा एकाच डोक्यात. म्हणून त्यांच्या पानावर शब्द कुठे थांबतो आणि रेघ कुठून सुरू होते ते सांगता येत नाही. ‘आबोल ताबोल’ छापून बाहेर पडलं ते त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी. पण बंगाली मुलं आजही ते पाठ म्हणतात.

मराठीत रेघेतून हसवणारे नव्हते असं कोण म्हणेल? शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे ही दोन नावं उच्चारली तरी पुरे. फडणीसांनी तर बालभारतीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढली, आणि महाराष्ट्रातल्या एका पिढीला गणिताचं पुस्तक उघडताना हसू आलं. सरकारी पाठ्यपुस्तकात, तेही गणिताच्या, जे चाललं, ते शाळेच्या वाचनालयात चालू नये? पुढे १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये चिंटू आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी दाखवून दिलं की मराठी मध्यमवर्गीय घर, गल्ली आणि शेजारच्या काकू यांतून रोजच्या रोज विनोद निघू शकतो. पण चिंटू चार चौकटींत संपायचा. दीडशे पानं सोबत राहणारा, शेवटी थोडा बदललेला, मध्ये एकदा डोळ्यांत पाणी आणणारा चिंटू आपण मागितला नाही. आपल्या रेषेतल्या विनोदाचा मोठा वाटा दिवाळी अंकांत, म्हणजे मोठ्यांवर खर्च झाला. मुलांच्या वाट्याला साहस आलं, चातुर्यकथा आल्या आणि शेवटच्या परिच्छेदातला बोध आला.

गोव्याला या बाबतीत रडायचं तर अजिबात कारण नाही. इथे हसण्याची आणि मोठ्या माणसाला हसण्याची जुनी सवय आहे. दशावतारी काल्यात काळ्या वेषातला संकासूर येतो आणि भटजीची फिरकी घेतो, तेव्हा पुढच्या चटईवर बसलेली पोरंच सगळ्यात आधी लोळतात. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातल्या कांतारांत, म्हणजे गाण्यांत, मंत्र्यांची जी पूजा बांधतात ती मंत्रीही ऐकून असतात. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात; त्यांचे डोळे, दात, पोट करण्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे हात असतात आणि व्यंगचित्राचा पहिला धडा ती तिथेच शिकतात. कशाला किती फुगवलं म्हणजे भीती जाऊन हसू येतं, हे त्यांना बरोबर माहीत असतं.

आणि व्यंगचित्रकार मारियो मिरांदा. लोटलीच्या या माणसाची लहानपणची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगं भिंती रंगवतं म्हणून आईने कोरी वही आणून दिली. त्या वहीतून पुढे सचित्र रोजनिश्या निघाल्या. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या तर पुढे पुस्तकरूपात छापल्याही गेल्या. रोज काय घडलं ते चित्रासकट, गावातल्या पाद्रीपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांची फिरकी घेत. जगभर आज ज्या साच्यावर लाखो पुस्तकं खपतात, तो साचा आपल्या सासष्टी तालुक्यात एक तरुण पाऊणशे वर्षांपूर्वी स्वतःच्या करमणुकीसाठी वापरत होता! आज मारियोची चित्रं कुठे दिसतात? पणजीच्या बाजारात भिंतीवर, आणि पर्यटकांच्या कपबशांवर, फरशांवर, फ्रिजला चिकटवायच्या चकत्यांवर. त्या चित्रांतली माणसं ज्यांच्या वाड्यावर राहतात, त्या मुलांच्या मराठी पुस्तकात त्यांच्यासारखं एकही नाक नाही.

भाषेचा मुद्दा निघणारच. गोव्यातलं मूल घरी कोंकणीत भांडतं, वर्गात मराठीत निबंध लिहितं आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजीत हसतं. त्याच्याबद्दलचं पुस्तक शुद्ध पुणेरी मराठीत लिहिलं तर ते त्याला पाहुण्यांसमोर घातलेल्या कपड्यांसारखं टोचेल. निवेदन मराठीत ठेवावं आणि चित्रांतल्या फुग्यांमध्ये माणसं बोलतात तशी बोलू द्यावीत. आजी ‘कितें जालें रे?’ विचारेल, पोरगा ‘म्हाका खबर ना’ म्हणेल, ड्रिल मास्तर हिंदीत ओरडतील. प्रौढांच्या गोमंतकीय मराठी कथेत संवाद कोंकणीत ठेवण्याची पद्धत आहेच. मुलांच्या पुस्तकात तर ते जास्त सोपं आहे, कारण तळटीप द्यावी लागत नाही. फुटलेली बरणी, मागे लपवलेली बॅट आणि आजीचा चेहरा दिसत असताना ‘म्हाका खबर ना’चा अर्थ सातारच्या मुलालाही कळेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि मराठीचा वापर कायम ठेवला. तेव्हापासून आपण दोघींना दोन खोल्यांत ठेवत आलो. काही मराठीप्रेमी या फुग्यांमुळे रागावतील, काही कोंकणीप्रेमी त्याहून जास्त. रागावू देत. सहावीतली मुलं दिवसातून शंभरदा ही खोली ओलांडतात.

खर्चाचं कारण मला फारसं पटत नाही. चित्रांचं पुस्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत कागदावरची रंगीत पानं येतात आणि प्रकाशक मान हलवतो. पण या प्रकाराला रंग लागतच नाही. काळी रेघ अक्षरांसोबत त्याच प्लेटवर, त्याच शाईत छापली जाते. रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात. एकशे साठ पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म, एकरंगी. कुठल्याही कथासंग्रहाइतकंच. वहीतल्यासारखी अक्षरं हवीत, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘बलू’ आणि ‘मोदक’ यांच्यासारखे गुबगुबीत, खेळकर देवनागरी टंक (फॉन्ट) फुकट मिळतात.

अडतं ते चित्रकाराच्या मोबदल्यापाशी. आपल्याकडे बहुधा लेखकाला रॉयल्टी आणि चित्रकाराला एकदाच ठोक रक्कम किंवा चित्रामागे दर. असल्या पुस्तकाला अडीचशे-तीनशे चित्रं लागतात. चित्रामागे पैसे मोजायचे म्हटलं की प्रकाशक आधी चित्रं छाटतो, आणि छाटलेल्या चित्राबरोबर विनोदही जातो, कारण तो तर फटीत होता. उपाय एकच. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या शेजारी, त्याच आकारात. रॉयल्टी दोघांत वाटून. आणि पहिल्या खर्ड्यापासून दोघं एकत्र. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर १९७२ पासून कला महाविद्यालय आहे. तिथून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या, हातात रेघ असलेल्या मुलांपैकी दोघा-तिघांना जरी अशी वर्षभराची पाठ्यवृत्ती एखाद्या मराठी लेखकासोबत दिली, तरी मराठी अकादम्यांच्या एका संमेलनाच्या मंडपखर्चात ते बसेल असा माझा अंदाज आहे. मंडपवाल्यांनी राग मानू नये.

आता विकत घेण्याबद्दल. इंग्रजीतलं असलं पुस्तक दुकानात मूल बोट दाखवून मागतं आणि पालक कुरकुरत पैसे देतात. गोव्यातल्या मराठी बालपुस्तकाला ते दुकानच नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे शाळा, तालुका वाचनालय, पंचायतीचं वाचनालय, बक्षीस समारंभ. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना वाचनालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण मराठी पुस्तकाच्या हजार प्रतींच्या आवृत्तीचं नशीब असल्याच रकमांवर ठरतं. आणि निवड कोण करतं? मोठी माणसं, पुष्कळदा मार्च महिन्यात, यादीवर टिचकी मारत. थोरांची चरित्रं, बोधकथा, सामान्यज्ञान. कुणी हरकत घेणार नाही अशी पुस्तकं घेतली जातात, आणि कुणी हरकत घेणार नाही असं विनोदी पुस्तक अजून कुणाला लिहिता आलेलं नाही.

कारण या वयाच्या विनोदात टिंगल होते ती शिक्षक, आईवडील आणि हेडमास्तर यांचीच. अमेरिकेतही हे चुकलं नाही. डेव्ह पिल्की यांच्या ‘कॅप्टन अंडरपँट्स’ या मालिकेत दोन व्रात्य पोरं स्वतः कॉमिक्स काढतात आणि आपल्या हेडमास्तरांना संमोहित करून चड्डीतला महावीर बनवतात. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत २०१२ आणि २०१३ अशी दोन वर्षं सर्वाधिक तक्रारी याच मालिकेविरुद्ध होत्या. पण तिथे एका ग्रंथपालाने नको म्हटलं तरी पलीकडे दुकान उघडं असतं. आपल्याकडे हेडमास्तरांनी यादीवर फुली मारली की पुस्तक संपलं. त्यामुळे लेखक लिहितानाच हेडमास्तरांना सज्जन, सहनशील आणि विनोदाच्या कक्षेबाहेर ठेवतो, आणि मुलांना पहिल्या पानावरच वास येतो.

म्हणून माझी मागणी निवडीबद्दल आहे. वाचनालयाच्या अनुदानातला एक-तृतीयांश भाग पाचवी ते आठवीच्या मुलांनी स्वतः निवडलेल्या पुस्तकांवर खर्च करावा. प्रकाशकांनी तालुक्याच्या ठिकाणी नमुना प्रती मांडाव्यात, प्रत्येक वर्गातून चार मुलं यावीत, त्यात दोन तरी वाचनाचा कंटाळा असलेली, आणि त्यांनी उभ्या उभ्या वाचून ठरवावं. कुमारवाङ्मयाचे पुरस्कार देणाऱ्या संस्थांनीही परीक्षकांत असे दोघे-तिघे घ्यावेत. परीक्षकांची शिफारस थोडी कमी अलंकारिक होईल, पण ती खरी असेल. मुलं फालतू पुस्तकं निवडतील ही भीती रास्त आहे. काही निवडतीलच. कपाटात कुलूपबंद असलेली, पानं न कापलेली चरित्रं आपण निवडली होती, त्याबद्दल आपल्याला कुणी जाब विचारला नाही.

ही कल्पना ओळखीच्या एका हेडमास्तरांना सांगितली. त्यांना ती तत्त्वतः पसंत पडली. मात्र पुस्तकातल्या हेडमास्तरांना टक्कल असेल तर आपल्या शाळेत ते येणार नाही, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, चित्रकाराला सांगून थोडे केस लावून घेऊ. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, ‘थोडे म्हणजे किती?’